ओला रंग

दर ऑगस्टमध्ये, सोयाबीन कमरेला लागलं की
मी भिंतीवरचे शब्द पुन्हा रंगवतो.
एकतीस वर्षं. शिडी तीच, ब्रश सोळावा.

वर, छताजवळ, शाळेचं ध्येय: एक लांबलचक वाक्य,
ज्यात मन, बुद्धी, ख्रिस्त, कॉलेज आणि जग
दाटीवाटीनं बसलेत,
रविवारच्या जेवणाला पाहुणे जास्त, खुर्च्या कमी, तसे.
ते कधी मळत नाही. तिथवर कुणाचा हात पोचत नाही.

खाली पाच शब्द.
श्रद्धा दाराच्या वर; तिच्यावर कोळ्याची जाळी फार.
उत्कृष्टता खिडकीसमोर, पश्चिमेच्या उन्हानं फिकी पडते.
करुणा घंटेखाली. नम्रता
पाण्याच्या नळाशेजारी, अर्धी कायम ओली.
आणि सचोटी, मुलांच्या खांद्याच्या उंचीला,
जिथं सगळे टेकून उभे राहतात,
दप्तरं घासतात, प्रेमात पडतात, मोजे वर ओढतात.
तीच सगळ्यांत आधी झिजते.
याचा अर्थ लावायला मी पाळक नाही.
खरं तर रंगारीही नाही. बॉयलर, बर्फ, तुंबलेली गटारं, हे माझं खातं.

या फेब्रुवारीत, उणे तेवीस,
बॉयलर खोकत होता, तेव्हा रिका टेन क्ले तळघरात आली.
शाळेचं शेवटचं वर्ष. पहाटे डुकरांच्या शेडवरून
अंघोळ करून येणारी मुलगी;
तरी केसांत तो वास थोडा राहतोच,
आयोवात त्यावर कुणी बोलत नाही.
मोठ्या कॉलेजचं पत्र घरी फ्रिजवर लावलेलं.
म्हणाली, "मिस्टर हॉफमेयर,
रसायनशास्त्राचा पेपर मी आधीच पाहिला होता."
मला का सांगतेस?
"तुम्ही मार्क देत नाही, म्हणून."

माझी बायको असती तर नेमकं काहीतरी बोलली असती.
मी बादली पुढे केली.
जिन्यावर बुटांखालचं मीठ पांढरं सुकलं होतं.
तिनं बारा पायऱ्या पुसल्या.
तेराव्या पायरीवर फडकं तसंच टाकून
सरळ मुख्याध्यापिकेच्या दाराकडे गेली.
मी पाणी ओतायला वर आलो तेव्हा दार लागलेलं होतं.

त्या रात्री समितीचा दिवा दहापर्यंत.
काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
एवढंच पाहिलं:
मिसेस व्हॅन्डरलीस्ट, अंगात कोट, हातात किल्ल्या,
भिंतीसमोर उभ्या,
आपणच मंजूर केलेले शब्द
पहिलीतल्या पोरासारखे अक्षर लावून वाचत होत्या.
करुणेपाशी थांबल्या. सचोटीकडे वळल्या. परत मागे.
दोन्हींच्या मध्ये नऊ पावलं आहेत.
रोज फरशी पुसतो, मला माहीत आहे.

मेमध्ये फलकावर सगळ्यांची नावं, पुढे कॉलेजांची.
रिकाच्या नावापुढे जागा कोरी.
कुणी म्हणालं, वर्षभर शेडवरच काम करणार.
कुणी म्हणालं, पत्र तिनंच परत पाठवलं.
निरोपसमारंभाला ती आली होती, टोपी वाकडी.
प्रार्थनेत सगळे डोळे मिटतात.
मला फ्यूजवर लक्ष ठेवायचं असतं, म्हणून मला दिसलं:
तिच्या बापाचा हात तिच्या पाठीवर.
जनावराचं वजन नजरेनं पाव किलोपर्यंत सांगणारा माणूस,
आणि तो हात कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं,
खांद्यावर, मानेवर, पुन्हा पाठीवर.

आता परत ऑगस्ट. मंडळानं यंदा सहावा शब्द पाठवलाय,
नेतृत्व, टाइप करून, मापासकट.
भिंतीवर जागा नाही. बघू.
आधी सचोटी. तीन हात.
खाली कागद चिकटवला: ओला रंग, हात लावू नये.

सकाळी पाहतो तर
मधल्या अक्षरावर एका बोटाचा ठसा.
खरंच ओला आहे का,
कुणालातरी बघायचं होतं.

मी ब्रश उचलला. ठेवला.
हिवाळ्याचं मीठ मागवायचं राहिलंय.